भट्टीमागची खोली

बेकरीच्या भट्टीमागे, घराच्या अंगणात उघडणारी एक अरुंद खोली होती. तिची एक भिंत म्हणजे भट्टीचीच पाठ. त्या भिंतीला खाट लावली की कडाक्याच्या थंडीतही पांघरूण लाथाडावं लागे. बेकरीवाल्याने ती कधी भाड्याने दिली नाही. कामाच्या शोधात आलेले, गाडी चुकलेले, घरातून हाकललेले, जो दार वाजवील तो तिथे झोपे. कोण, कुठला हे विचारायचं नाही, हा बेकरीवाल्याचा दंडक. लेक लहानपणी कुरकुरली की तो म्हणे, "प्रभू दारात उभा राहिला तर काय ओळखपत्र मागशील?"

शेवटी आलेला म्हातारा तिथेच राहिला. सगळे त्याला 'पाहुणे' म्हणत. तो ट्रे घासायचा, रिकामी पोती झटकायचा आणि भिंतीला पाठ शेकत सांगायचा, "आत पाव, बाहेर मी. दोघंही भाजून निघतोय. एखाद दिवशी चुकून मलाच विकाल बरं का!"

मैदा मळता मळता बेकरीवाला कोसळला, तो उठलाच नाही. त्याला माती दिली आणि लेकीने शटर ओढलं. कारागीर चाचरत म्हणाला, "ताई, भट्टी तेवढी चालू ठेवू का? एकदा गार पडली की तापायला फार वेळ घेते."

"माझे पप्पा गेलेत आणि तुम्हाला भट्टीचं पडलंय?" ती म्हणाली. कारागिराने एप्रन सोडून खुंटीला अडकवला. पुढे त्याने दुसरीकडे काम धरलं.

पाहुण्यांचं ताट मात्र चुकलं नाही. लेक स्वतः नेऊन द्यायची. ते दार अर्धवट उघडून ताट घेत आणि घासूनपुसून परत करीत. "काही हवंय का?" ती विचारी. "काही नको, ताई. तुमच्यावर आधीच एवढं कोसळलंय." ते खोकत. तीही जास्त थांबत नसे. तिला त्या दिवसांत कोणाचाच चेहरा सोसत नव्हता.

मग ऐन थंडीत एका सकाळी दार उघडलं गेलं नाही. तिने ते लोटलं. पाहुणे होते नव्हते तेवढे सगळे कपडे अंगात घालून पडले होते. पाय मैद्याच्या पोत्यात खुपसलेले आणि पाठ भिंतीला घट्ट चिकटलेली. तिने भिंतीवर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. भिंत बर्फासारखी होती.

डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून छाती भरल्याचं लिहून दिलं.

दुपारी चर्च कमिटीचे सेक्रेटरी स्वयंपाकघरात मायलेकींसमोर येऊन बसले. "नाव नाही, गाव नाही. ते आपल्यातले होते की नाही, तेही ठाऊक नाही. नगरपालिकेला कळवलं तर ते बेवारस म्हणून नेतील. दफनभूमीत तुमच्या कुटुंबाची एकच जागा उरलीय, हिच्या पप्पांशेजारची. ती वहिनींची."

"ती त्यांना द्या," आई म्हणाली.

"वहिनी, आणि तुम्ही?"

"मला कुठेही ठेवा. मी काय तक्रार करायला येणार आहे?"

सेक्रेटरींनी लेकीकडे पाहिलं. "मुलीची संमती लागेल हो. उद्या कमिटीवर ठपका नको."

लेकीने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. पप्पांशेजारी आई नाही, तर ज्याचं नावही ठाऊक नाही असा माणूस. पप्पा होते तेव्हाही त्यांच्या मायेत वाटेकरी कोणी ना कोणी परका असायचाच. आता जमिनीखालीही तेच. सेक्रेटरी चहा संपवून अंगणात जाऊन उभे राहिले.

"आई, ते थंडीने गेले," ती हळूच म्हणाली. "भट्टी मी विझवली."

"ठाऊक आहे मला. मीही भिंतीला हात लावून पाहिला."

"ते बोलले का नाहीत गं?"

"दुखवट्याच्या घरात कोण पांघरूण मागतं?"

लेक उठली. अंगणात जाऊन म्हणाली, "माझी हरकत नाही."

दफनाला बरीच माणसं जमली. बातमी पसरली होती. चर्चच्या पाळकांनी परक्याला घरात घेण्याविषयीचं शास्त्रवचन वाचलं आणि पुस्तक मिटून बोलू लागले. असं घर हे मंडळीचं भूषण आहे. बाप गेला तरी लेकीने दार लावून घेतलं नाही, ताट चुकवलं नाही, स्वतःच्या आईची जागासुद्धा दिली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कोणीतरी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

तिने तो हात बाजूला केला.

"पाळकसाहेब, थांबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी मागच्यांनाही ऐकू गेला. "ते आमच्या घरात गारठून मेले. आम्ही सगळे घरात होतो."

कबर खणणारा फावड्यावर टेकून खाली बघत राहिला. पाळक मिटलेलं पुस्तक हातात फिरवू लागले.

"वाचा पुढे," आई म्हणाली. "त्यांच्यासाठी वाचा. आमचं राहू द्या."