बिनलायसनचं घड्याळ

अठ्ठावन्न सालचा वैशाख. घाटंजीला वामनरावाच्या दारी मांडव पडला होता आणि वच्छलाबाई मागच्या चुलीपाशी पुऱ्या तळत होती. विधवा बाई मांडवात कशी चालेल? तिच्या हातच्या पुऱ्या मात्र चालतात, बरं का!

नवरी ताना तिच्या दिराची, वामनरावाची लेक, आणि नवरदेव घनश्याम खुद्द तिचाच जावई. तिची लेक बेबी बोरी अरबला घनश्यामच्याच घरात दिली होती. "इलायती घड्याळ आण, नाई तं तोंड दाखवू नोको," हे ऐकून ऐकून पोरीनं विहीर जवळ केली. आता सोयरीक तुटू नये म्हणून ताना त्याच घरात चालली होती, आणि हुंड्यात तेच घड्याळ! वामनरावानं बैलजोडी विकून पैसा दिला, वरबाप किसनरावानं आपल्या माणसाकडून मुंबईचा माल आणवला.

"भाऊजी, त्या घरात नोका देऊ," वच्छलाबाईनं पदर पसरला होता. वामनरावानं मान फिरवली. तेव्हाच तिनं यवतमाळ गाठलं आणि चोरट्या मालावर धाड घालणाऱ्या इन्स्पेक्टरच्या दारात उभी राहिली.

"सायेब, इलायती घड्याळ आणाले काय लागते?"

"आधी सरकारचं लायसन, मग बंदरावर जकात. दोन्ही नसेल तर माल चोरटा. आणि बाई, घड्याळ चोरटं नाही याचा पुरावा आम्ही शोधत बसत नाही. ज्याच्याकडे सापडेल, त्यानंच द्यायचा."

"मंग लग्नाले या सायेब. जेवाले."

मांडवात आहेर पुकारायची वेळ झाली. किसनरावानं घड्याळ उंच धरलं. तोच वच्छलाबाई पिठाच्या हातानं थेट मांडवात आली. बायका कुजबुजल्या. कुजबुजू द्या मेल्यांना!

"व्याही, घड्याळ झ्याक हाये. आमच्या भाऊजीनं आणलं काय?"

किसनरावाच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याची काय बिशाद! म्या आणलं, म्या! ना लायसन, ना जकात. सरकारले वासबी लागू देल्ला नाई!"

पाहुण्यांतून साध्या सदऱ्यातला एक माणूस उठला. "मीच सरकारचा माणूस. पुरावा दाखवा."

"हे... हे वामनरावाचं हाये!"

"साऱ्या मांडवानं आयकलं, व्याही," वच्छलाबाई म्हणाली.

पंचनामा सुरू झाला तशी किसनरावाची बोबडी वळली. विधवेची सावली टाळणारा हा गडी तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "बाई, सांगा ना सायेबाले!"

"माही बेबी बी तुमच्यापुढं असेच हात जोडत होती. जोडा. अजून जोडा." तिला गोड लागलं ते, का लागू नये?

तानानं मुंडावळ्या सोडल्या. "मोठीमाय, म्या नाई जात त्या घरात. चाल, तुह्यासंग पुऱ्या लाटतो." वामनराव तोंड उघडायला गेला, पण वच्छलाबाईकडे बघून मांडवाची दोरी सोडायला वळला.

जाताना तिनं इन्स्पेक्टरला अडवलं. "सायेब, घड्याळ कुठून आलं, हे सरकार इचारते. त्याच घड्याळापायी माही पोर कुठं गेली, हे इचाराचं कलम कोनतं?"

साहेबांनी पंचनाम्याची घडी करून पिशवीत टाकली. हुंडा मागणाऱ्याला जाब विचारायचं कलम तेव्हा नव्हतंच.

वाचकहो, कायदा येईल तेव्हा येईल. तुमच्या मनगटावरचं घड्याळ कुणाच्या बापानं दिलंय, एवढं आज बघा.