हाकेची शीर

याहायाच्या डाव्या कानाच्या पाळीखाली गाठ पहिल्यांदा हाताला लागली, तेव्हा ती ज्वारीच्या दाण्याएवढी होती. मीच ती चाचपली. याहाया माझ्या बहिणीचा, झैनाबोचा, थोरला मुलगा. आमच्यात बहिणीच्या मुलांचा भार मामावर असतो. लग्न असो, भांडण असो, आजारपण असो, शेवटचा शब्द मामाचा. बाप असतो, पण पाहुण्यासारखा. याहायाचा तर केव्हाच दुसऱ्या गावी निघून गेला होता. त्यामुळे जे काही शिकवायचं ते मीच शिकवलं. झाडावर चढणं, धूर करणं आणि सेगोला हाक मारणं.

सेगो हा राखी रंगाचा लहानसा पक्षी. पोळं कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं, पण फोडता येत नाही. आपण हाक मारायची, त्याने यायचं आणि पुढे पुढे उडत वाट दाखवायची. मध आपला, मेण त्याचं. ओठ सैल सोडून वारा फुंकायचा, बुर्रर्र, आणि शेवटी छातीतून हं. ऐकायला सोपं वाटतं, पण ओठाची एक कड जरी ढिली पडली तरी वारा तिथून निसटतो आणि पक्षी ओळख देत नाही. याहायाची हाक लुजेंडा नदीच्या पलीकडे ऐकू जायची. चौतिसाव्या वर्षीच लोक त्याला आमच्या भागातला पहिला मधवाला म्हणत होते.

दोन वर्षांत तो दाणा आंब्याच्या कोयीएवढा झाला. दुखत नव्हता. याहाया हसून म्हणायचा, "मामा, दुष्काळासाठी गालात मध साठवून ठेवलाय."

इस्पितळ शहरात, दोन दिवसांच्या वाटेवर. मी त्याला वैदूकडे नेलं. मला वाटलं, रक्त अडलंय, वाट करून दिली की जाईल. वैदूने ब्लेडने गाठीभोवती नऊ घाव घातले आणि त्यांत काळी राख चोळली. याहायाचं डोकं मी माझ्या मांडीवर घट्ट धरलं होतं.

पुढच्या वर्षी त्या घावांखाली दाणे आले. नवापैकी सात घावांखाली. एकेक वेगळा, कडक, बोटाने ढकलला तर सरकणारा. मी रोज मोजायचो आणि कुणाला सांगायचो नाही.

मग एका सकाळी झैनाबो माझ्या अंगणात आली. बसली नाही.

"दादा, काल दुपारी तो झोपला होता. डावा डोळा उघडा होता."

"झोपेत राहतो कुणाकुणाचा."

"डोळ्यावर माशी बसली. उजवी पापणी थरथरली. डावी हललीच नाही."

"मी वैदूला विचारून..."

"वैदूचं नाव काढलंस तर त्याच्याच ब्लेडने तुझी दाढी करीन. उद्या तंबाखूचा ट्रक शहरात जातोय. तू येतोस की मी एकटी नेऊ?"

मी गेलो.

इस्पितळात डॉक्टर ओतिलिया होत्या. पश्चिमेकडच्या मोठ्या सरोवराकाठच्या, त्यामुळे आमची बोली त्यांना येत होती, फक्त हेल तिकडचा. त्यांनी याहायाला खाटेवर बसवलं.

"भुवया वर कर. डोळे घट्ट मिट. गाल फुगव. आता शीळ घाल."

"शीळ पोरं घालतात, डॉक्टरबाई. हे ऐका." आणि त्याने हाक मारली. अख्खा वॉर्ड दचकला. कोपऱ्यातली एक म्हातारी ओरडली, "अरे बाबा, इथे मध नाही, सलाइनच्या बाटल्या आहेत! पक्षी आला तर सुई टोचतील त्याला!" सगळे हसले. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या त्याच्या ओठाची डावी कड बघत होत्या. मीही बघितली. हाकेच्या शेवटी ती किंचित मागे राहिली होती.

त्यांनी सातही दाणे एकेक करून चाचपले.

"हे घाव कुणी घातले?"

"मीच म्हणा," मी म्हणालो.

"ब्लेड तुमच्या हातात होतं?"

"डोकं माझ्या हातात होतं."

त्यांनी सुईने गाठीतलं थोडं काढून राजधानीला तपासायला पाठवलं. उत्तर यायला पंचवीस दिवस लागले. तेवढे दिवस आम्ही आवारातल्या पत्र्याखाली राहिलो, जिथे रोग्यांची माणसं चुली मांडतात. झैनाबो शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, आणि सुकी मासळी रांधायची. याहाया शेजारच्यांना मधाच्या गोष्टी सांगायचा. डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं, ते मधूनमधून बाहीने पुसायचा.

उत्तर आलं तेव्हा डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना बोलावलं.

"कानाखाली लाळेची ग्रंथी असते. तिच्यात साधी गाठ होते, वर्षानुवर्षं गप्प राहते. ती सालीसकट अखंड काढायची असते. साल फुटली की कण सांडतात आणि जिथे सांडतील तिथे रुजतात."

मी खाली बघितलं.

"पण ही आता साधी राहिलेली नाही. जुन्या गाठीच्या पोटात दुसरी उठली आहे, वाईट. अशा मी आजवर दोनच पाहिल्या."

"घावांमुळे?" मी विचारलं.

"दाणे घावांमुळे पसरले असतील. वाईट कशामुळे झाली ते मला सांगता येणार नाही, बाबा. जुन्या झाल्या की काही बिघडतात." मग त्या याहायाकडे वळल्या. "चेहरा हलवणारी शीर याच ग्रंथीतून जाते. कानामागून खोड येतं आणि त्याला फांद्या फुटतात, डोळ्याला, गालाला, ओठाला. शीर मोकळी सापडली तर वाचवीन. गाठीत शिरलेली असली तर गाठीबरोबर कापावी लागेल. अर्धा चेहरा लोंबेल."

"आणि हाक?"

"हाक जाईल."

याहाया लगेच म्हणाला, "शीर सोडा. बाकी अर्धं डोकं नेलंत तरी चालेल."

"अरे, तुला तीन पोरं आहेत!" डॉक्टरबाईंचा आवाज चढला.

"पोरांना काय खायला घालू? माझ्याकडे शेत नाही, होडी नाही. हाक आहे." मग माझ्याकडे बोट केलं. "आणि माझं काय विचारता? मामा सांगतील ते."

"माझ्या मामाने मला सहावीतून काढायचं ठरवलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी ऐकलं असतं तर आज तुझी गाठ कोण काढणार होतं?"

"म्हणजे तुमच्या मामाला अक्कल नव्हती. माझ्या मामांना आहे."

हे तो मनापासून म्हणाला. नऊ घावांनंतरही.

त्याच दुपारी आवारातल्या झाडाखाली त्याने माझं मनगट धरलं. "मामा, आत गेल्यावर मी झोपलेला असेन. ती बाहेर येऊन तुम्हाला विचारणार. सोडा म्हणा. शब्द?"

"शब्द," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत नेलं. झैनाबो आणि मी भिंतीशी बसलो. सूर्य डोक्यावर आला तेव्हा डॉक्टरबाई दारात आल्या. टोपी घामाने भिजली होती, हात छातीशी वर धरलेले.

"खोडच गाठीत शिरलंय. सगळं काढायचं तर शीर कापायला हवी."

"आणि नाही कापली तर?"

"मग बी आत राहतं. एक पावसाळा बघेल. दुसऱ्याचं मी सांगत नाही."

"कापली तर जगेल?"

"खात्री नाही देत. पण जगायची वाट राहते. लवकर सांगा."

मी एकदा माझ्या अकलेने त्याचं डोकं धरलं होतं आणि त्यातून सात दाणे आले होते. पुन्हा त्याच्या डोक्याचा निर्णय त्याच्या मनाविरुद्ध घ्यायची माझी छाती झाली नाही. मी झैनाबोकडे बघितलं. भावाने ठरवायचं तिथे चारचौघांत बहीण बोलत नाही. ती जमिनीकडे बघत होती आणि तिच्या बोटांनी अंगावरच्या कापडाचा काठ गच्च पिळला होता.

"सोडा," मी म्हणालो.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "त्याला तुम्ही सांगणार की मी?"

"मी सांगतो."

शुद्धीवर आल्यावर त्याने बँडेजमधून एवढंच विचारलं, "शीर?"

"आहे."

तो रडला, दोन्ही डोळ्यांनी. मी पुढचं सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्या तो शिमा खात होता, परवा वॉर्डातल्या म्हातारीला चिडवत होता. राजधानीत किरणं देतात, तिकडे जा, असं डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या. तो म्हणाला, गाठ तर काढलीत, आता काय भाजून घेऊ? तेव्हाही त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तेव्हाही मी गप्प बसलो. घरी निघताना त्यांनी दर दोन महिन्यांनी दाखवायला यायला सांगितलं. ट्रक मिळत नाही म्हणून आम्ही एकदाही गेलो नाही.

घरी आल्यावर डोळा बराच मिटायला लागला. लोक माझ्याबद्दल म्हणाले, लिकोंडेने भाच्याला मरणातून आणलं. मशिदीपुढे मला पुढे बसवायला लागले. मी बसायचो. झैनाबो माझ्याशी कामापुरतं बोलायची.

त्या हंगामात याहायाने एकोणीस पोळी काढली. हाक पूर्वीसारखीच होती. तो जंगलात शिरला की मी घरी बसून कान देऊन ऐकायचो आणि ऐकू आली की त्या एका पावसाळ्याचे उरलेले दिवस मोजायचो.

पुढच्या हंगामात आम्ही दोघं निघालो. नदीच्या वळणावर त्याने हाक मारली आणि आम्ही थांबलो. पुन्हा मारली. वारा डाव्या कडेने फुसकन निसटला. झाडं गप्प होती.

"मामा, माझी हाक बदललीय का?"

"थंडी आहे. ओठ आखडलेत."

"मग तुम्ही मारा."

माझी हाक म्हाताऱ्याची, थकलेली. तरी तीन हाकांत सेगो आला. समोरच्या फांदीवर शेपूट पसरून बसला आणि किरकिरायला लागला. याहाया त्याच्याकडे बघतच राहिला. मग कानामागे हात नेला, व्रणाच्या वरच्या टोकाशी, आणि तिथेच बोट फिरवत राहिला, मी ते दाणे मोजायचो तसा. तो हात तिथे रोज जात असणार हे मला त्याच्या बोटांवरून कळलं.

"डॉक्टरबाई बाहेर आली होती ना तेव्हा?"

"हो."

"काय म्हणाली?"

पक्षी ओरडत होता. मी सगळं सांगितलं. खोड, बी, एक पावसाळा. काही गाळलं नाही.

तो खाली बसला, कुऱ्हाड मांडीवर घेऊन. "एक पावसाळा तर झाला."

"झाला."

"आईला माहीत होतं?"

"ती तिथेच बसली होती."

"म्हणून ती माझ्या पोरांना आतापासून तुमच्या घरी जेवायला पाठवते." तो हसला, उजव्या बाजूने. "मला वाटलं, तुमच्याकडे मासळी जास्त असते."

"मी तुझाच शब्द पाळला, याहाया."

"माझा शब्द मला अर्धंच माहीत असताना दिलेला होता, मामा. बाकीचं अर्धं तुमच्याजवळ होतं."

सेगो पुढच्या झाडावर उडाला, परत आला, पुन्हा उडाला.

"तंबाखूचा ट्रक कधी?" त्याने विचारलं.

"शुक्रवारी."

"शुक्रवारी जाऊ. ती कापते म्हणाली तर कापू दे. भाजा म्हणाली तर राजधानीला जाईन. नाही म्हणाली तर..." तो उठला. "या वेळी ती बोलेल तेव्हा मी जागा असेन. तुम्ही बाहेर बसायचं."

"मी बाहेर बसेन."

"आणि कुणी विचारलं तर सांगायचं, त्यालाच विचारा."

त्याने कुऱ्हाड खांद्यावर टाकली. पक्षी पूर्वेकडे निघाला होता, तिकडे झाडी दाट होत जाते. याहाया आपली डावी पापणी बोटाने खाली ओढून घेत त्याच्या मागे चालू लागला. मी पेटती चूड घेऊन त्याच्या मागून गेलो. हाका मात्र आता मी मारत होतो.