पुण्यवान पाय

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलात तर अर्धी गोष्ट शेजाऱ्याच्या खोकल्यात जाईल. एका गल्लीची कथा सांगायची आहे. तिच्यात देव आहे, पण तुम्ही शोधाल तिथे नाही. एक बाबाही आहे, तो मात्र तुम्हाला वाटतोय अगदी तसाच आहे.

गल्लीच्या कोपऱ्यावर त्या दिवसांत सकाळी उभं राहायला जागा नसायची. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघावी. आणि कोपऱ्यावरच्या फरशा मात्र तव्यासारख्या तापलेल्या. खाली शेगडी नाही, वर ऊन नाही. लोक चपला काढून रांग धरायचे, आपली पाळी आली की डोळे मिटून फरशीवर पाय ठेवायचे आणि 'स्स' करत उडी मारायचे.

"धरणीमातेनं इथं तप मांडलंय, बाळांनो," बाबा सांगायचा. "पापी असेल त्याला चटका. पुण्यवान असेल त्याला लोण्याचा स्पर्श."

बाबा स्वतः जाड लाकडी पाटावर बसलेला असायचा. कुणी विचारलंच, तर उत्तर तयार होतं. गुरूनं मातेला पाय लावायचा नसतो. त्यामुळे सगळ्या गल्लीचं पुण्य मोजून व्हायचं, बाबाचं तेवढं राहून जायचं. आठवड्यातून एक दिवस फरशी गार पडायची. त्या दिवशी बाबा ओठांवर बोट ठेवून म्हणायचा, "आज मातेचं मौन आहे." लोक मौनालाही नमस्कार करून जायचे.

गंमत अशी चालली होती, की दूधवाल्यानं पाय टेकवताक्षणी उचलला तेव्हा रांगेतून आवाज आला, "पाणी जास्त झालं वाटतं." वकिलांनी दोन जोड मोजे चढवून पाहिले, बाबानं ते काढायला लावले. वकील पाय चोळत म्हणाले, "मी अपील करीन."

आणि एका सकाळी चिटणीसबाईंची थोरली नणंद फरशीवर चढली. चढली ती उतरेना. रांगेतल्यांचा अख्खा जप संपला तरी बाई शांत, हसऱ्या चेहऱ्यानं उभी. बाबानं पाटावर बसूनच हात जोडले. "ही माउली. हिचे पाय धरा."

लोकांनी धरले.

आता या चिटणीसबाई कोण, ते सांगायला हवं. गल्लीत एक सुधार मंडळ होतं. सुट्टीच्या सकाळी झाडू मारायचा, बंद पडलेल्या दिव्यांसाठी अर्ज करायचे, गटारं मोकळी करायची, म्हाताऱ्यांसाठी बाक बसवायचे, अशी त्याची कामं. बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि मंडळाच्या चिटणीस झाल्या. या पदाला पगार नव्हता, शिव्या मात्र नियमित मिळत. मंडळाचे अध्यक्ष बँकेतले माजी मॅनेजर. सगळे त्यांना साहेब म्हणत, आणि ते ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

मंडळाच्या बैठकीत विषय निघाला, की कोपऱ्यावर छप्पर घालावं आणि बाबांना मंडळाची खोली द्यावी. माना हलल्या.

"छप्पर नंतर घालू," चिटणीसबाई म्हणाल्या. "आधी खालून काय तापतंय ते बघू. दोन फरशा उचलू."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, ती फरशी आपल्या मंडळानं बसवली. माझ्या हस्ते उद्घाटन झालं. ती उकरायची म्हणजे..."

"म्हणजे फरशी उकरायची, साहेब. तुम्हाला नाही."

हशा झाला, पण ठराव छपराचाच झाला.

सुट्टीच्या दिवशी गटारं मोकळी करताना बाईंनी धुलाई केंद्रामागचं झाकण आकड्यानं उचललं. भसकन वाफ आली आणि साबणाचा वास. खालच्या अंगाला, बाकाजवळचं झाकण उघडलं, तर तिथे गार चिखल. मधलं झाकण कुठेच सापडेना. बाई धुलाईवाल्याकडे गेल्या.

"नवं यंत्र घेतलंत वाटतं?"

"घेतलं की. हॉटेलांच्या चादरी असतात, उकळतं पाणी लागतं."

"आणि ते सोडता कुठे?"

"गटारात. सगळेच सोडतात."

"मग मधलं झाकण कुठंय?"

त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या नखांकडे. "तुमच्याच मंडळानं त्यावर फरशी घातली, बाई. शोभेसाठी. तेव्हा गाडीभर खडी टाकली, नळीला तडा गेला असणार. आम्ही कशाला बोलू?"

त्याच्या मागे दोरीवर पांढऱ्याशुभ्र कफन्या वाळत होत्या. गल्लीत तशा कफन्या एकच जण घालत होता. आणि धुलाई केंद्राच्या पाटीवर साप्ताहिक सुट्टीचा वार लिहिला होता. मातेचं मौन नेमकं त्याच वारी असायचं.

बाईंनी हे सगळं कोपऱ्यावर जाऊन सांगितलं. बाबा डोळे मिटून हसला. "मातेच्या कुशीला साबणाचा वास नास्तिकालाच येतो." बाईंना नास्तिक म्हटलेलं ऐकून काही बायका चपापल्या, कारण कीर्तनात पहिल्या रांगेत बसून टाळी धरणारी बाई ती हीच. पण चमत्कार आणि चिटणीस यांत लोक कुणाला निवडणार? आणि चमत्काराची जिवंत साक्ष तर बाईंच्याच घरात होती.

त्या संध्याकाळी नणंदबाई पलंगावर बसून मोजे काढत होत्या. एक मोजा तळव्याला चिकटला होता. त्यांनी तो ओढला, कातडीचा पापुद्रा सोबत आला, आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"वन्सं, हा फोड कधीचा?"

"कुठला गं?"

बाईंनी पाऊल दिव्याकडे वळवलं. "साखरेच्या गोळ्या घेताय ना?"

"सोडल्या. बाबा म्हणाले, अशा पायांना गोळ्या कशाला?" मग आवाज खाली आला. "तू नको काही बोलूस. लग्न झालं आणि वर्षात हे गेले. तेव्हापासून मला सगळे पांढऱ्या पायाची म्हणत आले. कुणाच्या मंगल कार्यात पुढे उभी राहिले नाही. आज लोक वाकतात त्याच पायांवर. एवढं तरी राहू दे मला."

तिच्या पदरातलं एवढंसं काढून घ्यायला कुणाचा हात धजावेल? पण फोडाची कड काळी पडू लागली होती. बाईंनी डॉक्टरांना घरी बोलावलं. हे डॉक्टर मंडळाचेच, सुट्टीच्या दिवशी गटारात उतरणारे. त्यांनी खिशातून नायलॉनचा एक ताठ धागा काढला.

"आत्या, डोळे मिटा. तळव्याला टोचल्यासारखं वाटलं की 'हं' म्हणा."

नणंदबाईंनी डोळे मिटले. डॉक्टरांनी टाचेपाशी धागा टेकवला, मग चवड्याला, मग एकेका बोटाला. धागा वाकला तरी खोली शांतच. दुसरा पायही झाला.

"सुरू करा की," नणंदबाई म्हणाल्या. "मी केव्हाची वाट बघतेय."

"झालं, आत्या."

त्यांनी डोळे उघडले. धाग्याकडे पाहिलं, भावजयीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे चटका बसत होता," त्या हळूच म्हणाल्या. "मला कळत नव्हता."

"साखरेनं नसा मेल्यात. असंच उभ्या राहिलात तर पाऊल कापावं लागेल."

सकाळी त्या भावजयीचा हात धरून कोपऱ्यावर गेल्या. गर्दीनं वाट दिली. बाबानं हाक दिली, "माउली आली. चढा, माते." त्या चढल्या नाहीत. बाकावर बसल्या, मोजा उतरवला आणि तळवा रांगेसमोर धरला.

"बघून घ्या. तुम्ही याच्यावर डोकं टेकवलंत. हा पांढरा पाय नाही आणि पुण्यवानही नाही. आजारी आहे. ज्याला चटका लागतो त्याचा पाय चांगला आहे, एवढंच. आता त्या फरशा उचला."

"मातेला दुखवाल," बाबा म्हणाला.

"मग तुम्ही पाट बाजूला करा आणि खाली पाय ठेवा. तिची समजूत काढा."

बाबानं पाटावरचं आपलं आसन आणखी घट्ट केलं. रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. हसणाऱ्यांत दूधवालाही होता. पहार त्यानंच आणली.

दोन फरशा निघाल्या आणि खालून साबणाचा फेस उसळला. वाफ निवली तेव्हा तडकलेली नळी दिसली, आणि भोवतालची माती वाहून जाऊन झालेली पोकळी. रांग रोज त्याच पोकळीवर उभी राहत होती. गडबडीत बाबा पाट काखोटीला मारून निघाला. वकिलांनी मागून आठवण केली, "कफन्या राहिल्यात धुलाईत." साहेब म्हणाले, आपल्याला पहिल्यापासून शंका होती. एका बाईनं फेसाची बाटली भरून घेतली. लोक पाहू लागले तशी ती म्हणाली, "असू दे. धुण्याला होईल."

नळी बदलली, झाकण उघडं राहिलं, धुलाईवाल्याला पाणी निववायला टाकी बांधावी लागली. मंडळानं आपली चूक फलकावर लिहिली; साहेबांनी शब्द थोडे मऊ करून घेतले, पण लिहिली. नणंदबाईंचं पाऊल वाचलं. एक बोट मात्र गेलं.

तर मंडळी, जमीन तापली तर खाली काय आहे ते बघा, आणि दुखत नसेल तर का दुखत नाही हे डॉक्टरांना विचारा. एवढं विचारल्यानं कुठलाही खरा देव रागावत नाही. लेकरांचे पाय भाजून त्यांची परीक्षा घेणारा तो देवच नव्हे. बाबाला विसरलात तरी चालेल. पण त्या बाईला आठवणीत ठेवा, जिला जन्मात पहिल्यांदा लोक नमस्कार करत होते आणि जिनं आपणहून सांगितलं, की नका करू.