खांबाला ऐकू येतं

मित्रांनो, मी खो-खोचा एक जुना खांब आहे. अंबाडी गावच्या लाकडाच्या वखारीत मला रंधा मारला आणि भिवंडीतल्या या शाळेच्या मैदानात आणून रोवलं. कुंपणापलीकडे लूमचे कारखाने. त्यांच्या खटखटीतच माझं आयुष्य गेलं.

मुलं धापा टाकत येत आणि मला मिठी मारत. त्यांची छाती माझ्या अंगावर धडधडे. जिल्ह्याची ढाल जिंकली तेव्हा मला झेंडूची माळ घातली होती, पण खरं सांगतो, माळेपेक्षा ती धडधड मला प्रिय. धागा तुटून लूम अडखळला, की चुकलेला ताल मला उभ्या जागी कळतो.

अनंताची छाती तशीच अडखळायची. त्याच्याइतका चपळ गडी संघात नव्हता.

"सर, पळताना चक्कर येते," तो एकदा खेळाच्या सरांना म्हणाला.

"नाटकं नकोत. घरून खाऊन येत जा."

सर वाईट नव्हते हो, पोरांवर त्यांचा जीव होता. पण त्यांना कळलं नाही आणि मला बोलता आलं नाही. एका सामन्यात अनंता माझ्या पायाशी कोसळला. मिरगी आली, असंच सगळ्यांना वाटलं. त्याच्या वर्गातली वनिता खिचडीच्या खोलीतून कांदा घेऊन धावली. कुणी चप्पल हुंगवली. हृदय बंद पडलं की छाती दाबायची असते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अनंता उठला नाही. त्याची आठवण अजून येते.

पुढे मॅट आली, नवे खांब आले. माझ्यावर दोरी बांधून फडकी वाळत घालू लागले. मग तीच वनिता खेळाची मॅडम होऊन शाळेत आली. तिने दोरी सोडली आणि मला सरावाला घेतलं. मुलांना बाहुलीवर छाती दाबायला शिकवलं. माजी विद्यार्थ्यांच्या मागे लागून हृदयाला झटका देणारं मशीन ऑफिसाच्या भिंतीवर लावून घेतलं, आणि त्याला कुलूप काही लावू दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सरावात संघातल्या हफसाने मला मिठी मारली आणि मला तीच जुनी अडखळ ऐकू आली. मी हादरलो. दुसऱ्याच क्षणी ती खाली पडली. खिचडी करणाऱ्या खदीजाबी कांदा घेऊन धावल्या.

"मिरगी हाय, हुंगवा तिला."

"मिरगी नाय ही. कांदा ठेवा, मशीन आणा. कोणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन लावा," वनिता म्हणाली आणि हफसाच्या छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरजोरात दाबू लागली. मशीन आलं, त्याने झटका दिला. ॲम्ब्युलन्स फाटकात शिरली तेव्हा हफसा कण्हत होती.

आता ती पळत नाही, पंचाची शिट्टी वाजवते. खेळ संपला की मला टेकून उभी राहते. परवा हळूच म्हणाली, "मॅडम, आधी पण दोनदा चक्कर आलेली. टीममधून काढाल म्हणून बोलले नाय."

वनिताने माझ्यावर हात ठेवला आणि तिला अनंताची गोष्ट सांगितली.

मित्रांनो, पळताना डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं, तर लपवू नका. मला सगळं ऐकू येतं, पण सांगता येत नाही. तुम्हाला येतं.