चौदा नंबरची हरकत

वर्तमानपत्राच्या सातव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात ती जाहीर सूचना आली होती. धम्मानंदांनी चष्मा पुसून ती दुसऱ्यांदा वाचली. लातूर शहराच्या विकास योजनेत फेरबदल करायचा होता. मास्तर कॉलनीतले प्लॉट नंबर एक ते सव्वीस निवासी विभागातून वगळून वाणिज्य विभागात घ्यायचे होते. कुणाची हरकत असेल तर त्यानं ती तीस दिवसांत लेखी द्यायची. भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक म्हणून तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाला ही भाषा समजावून सांगायची गरज नव्हती. चौदा नंबरचा प्लॉट त्यांचा स्वतःचा होता.

“काय आलंय एवढं पेपरात?” त्यांच्या पत्नी चांगुणाबाईंनी विचारलं.

“आपली गल्ली बाजारात चालली.”

“ती तर कवाच गेली. आता कागद निघाला, एवढंच.”

बाईंचं खोटं नव्हतं. शिकवण्यांचा पसारा वाढत वाढत दहा वर्षांपूर्वी मास्तर कॉलनीच्या तोंडाशी आला, आणि मग एकेक घर पालटत गेलं. कुणी वर दोन मजले चढवून मुलींचं वसतिगृह केलं, कुणी मधल्या भिंती काढून हॉल केला आणि क्लासला भाड्यानं दिला. कुणाच्या पडवीत झेरॉक्स आलं, कुणाच्या अंगणात मेस. सव्वीस घरांतली जेमतेम सात राहायची उरली होती, आणि त्यातलंही पंधरा नंबर आठ महिन्यांपासून कुलूपबंद होतं. ते शेषेराव गुरुजींचं. त्यांना त्यांचा मुलगा नांदेडला घेऊन गेला होता.

तेव्हापासून धम्मानंदांचा पेपर सकाळी आठालाच संपायचा. बातम्यांवरून भांडायला माणूसच नव्हता.

मास्तर कॉलनी ही जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची सोसायटी. एक्याण्णव साली एका सभासदानं चौदा नंबरचा प्लॉट सोडला आणि धम्मानंदांनी अर्ज केला. त्याआधी भाड्याच्या खोलीसाठी त्यांनी अर्धं लातूर पालथं घातलं होतं. नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. सोसायटीच्या सभेतही कुणी सरळ बोललं नाही. सोसायटी मास्तरांची, हा माणूस मोजणी खात्यातला, नियमात बसत नाही, असं चाललं होतं. काय बसत नाही ते सगळ्यांना कळत होतं. तेव्हा मागच्या रांगेतून चाकूरकडचे एक उंच, सावळे गुरुजी उठले आणि म्हणाले, “चौदा नंबर रिकामा हाय. पंधरा माझा हाय. शेजार मला करायचाय, तुमाला न्हाई.” सभा तिथंच आटोपली.

गुरुजींच्या तुळजाबाईंची गोष्ट मात्र वेगळी होती. त्या भिंतीवरून शेंगदाण्याची चटणी द्यायच्या, पोरांना जवळ घ्यायच्या, पण चांगुणाबाईंच्या घरी चहा म्हटलं की त्यांचा त्या दिवशी नेमका उपास असायचा. दोन वर्षं असं चाललं. मग भूकंप झाला. महिनाभर अख्खी कॉलनी घरं सोडून गल्लीतच ताडपत्र्या टाकून राहिली. एके सकाळी चांगुणाबाईंनी रस्त्यातच स्टोव्ह पेटवून चहा केला, आणि तुळजाबाईंनी आपला कप पुढं केला. त्या चहाबद्दल पुढं दोघींपैकी कुणीच कधी बोललं नाही. पण त्या दिवाळीत दोन्ही घरांमधल्या भिंतीला एक दार पाडलं गेलं. पुढं लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, त्या उन्हाळ्यात पंधरा नंबरच्या बोअरचा पाइप त्याच दारातून चौदाच्या टाकीत आला आणि पुढंही तसाच राहिला.

तुळजाबाई गेल्या त्याला दोन वर्षं होत आली होती.

धम्मानंद महानगरपालिकेत गेले आणि ओळखीच्या कारकुनाकडून त्यांनी फाईल पाहून घेतली. विभाग बदलून मिळावा म्हणून कॉलनीतल्याच लोकांनी अर्ज दिला होता. खाली पंचवीस सह्या होत्या. नववी सही गोल, ठसठशीत, फळ्यावर काढावी तशी. शेषेराव गुरुजींची.

घरी येऊन त्यांनी चांगुणाबाईंना हाक मारली. सहीचं सांगितलं.

“मंग नांदेडला जा,” त्या म्हणाल्या. “भांडायला जा न्हाईतर भेटायला जा, पण जा. हितं बसून मनात वाढवू नका.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळची एसटी धरली. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं. काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. चांगलं खडसावायचं होतं. नांदेडच्या बसस्टँडवरून ऑटोनं तरोडा नाक्याकडं आले. गुरुजींचा मुलगा शिवम रेल्वेच्या विभागीय कार्यालयात नोकरीला, त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. दार सुनेनं, सुकन्यानं उघडलं.

“काका! अगोदर फोन तरी करायचा!” असं म्हणत तिनं आतल्या बाजूला हाक मारली, “बाबा, बघा कोण आलंय!”

गुरुजी गॅलरीत खुर्चीवर होते. वाळले होते. शर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता. त्यांनी धम्मानंदांकडं पाहिलं. ‘ये’ म्हणाले नाहीत, ‘बस’ म्हणाले नाहीत.

“बोअरची मोटार अजून अडकती का?”

“अडकती. दोन ठोकर दिल्या की चालती.”

“ठोकर देऊ नको म्हणून किती डाव सांगितलं तुला! पान्यानं फिरवायची. ठोकरीनं जाम होती ती.”

“आठ महिने चालवतोय मी, गुरुजी.”

“म्हणूनच अडकती.”

सुकन्या चहा ठेवून गेली. दोघांनी बशीत ओतून प्यायला सुरुवात केली. खडसावायचं सगळं कुठल्या कुठं गेलं होतं. तरी धम्मानंद म्हणाले, “सही पाह्यली तुमची.”

“हाव. केली.”

“मला एका शब्दानं सांगायचं.”

गुरुजींनी बशी खाली ठेवली. खाली रस्त्यावरून ऑटो जात होते, तिकडं बघत बोलले, “घर इकायचं ठरलंय. घेणाऱ्याची अट हाय, वाणिज्य झालं तरच घेणार. शिवमला बोल लावू नको, त्यानं जोर केला न्हाई. माझंच मन राह्यलं न्हाई. तुळजा गेल्यावर त्या घरात मी कसे दिवस काढले, तू बघितलंस. पाय टाकला की वाटायचं, आता आतून इचारल, आज येळ का झाला म्हणून. ते सहन हुईना म्हणून हितं आलो. तर हितं डोळे मिटले की तेच घर. तुझा ओटा. भितीतलं दार. तिथं राहवत न्हाई अन् हितं करमत न्हाई, धम्मानंद. म्हणलं इकूनच टाकावं, म्हंजे परत जायची वाट तरी बंद हुईल.”

“झाली का बंद?”

गुरुजींनी मान हलवली. “सही करायला लातूरला आलतो. ऑटो तुझ्या दारावरून गेला. तू ओट्यावर पेपर वाचीत हुतास. मी ऑटोवाल्याला थांब म्हणलो न्हाई.”

“कामून?”

“कोणतं तोंड घेऊन उतरणार हुतो?”

धम्मानंदांना तो दिवस आठवेना. ऑटो तर दिवसभर जातात. एवढ्या जवळून माणूस गेला आणि आपण पेपरात डोकं घालून बसलो, याचंच त्यांना वाईट वाटत राहिलं.

“मी हरकत घेणार हाय,” ते म्हणाले.

“घे की. मी सही केली, तू हरकत घे. दोन्ही खरं हाय.”

सुकन्यानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना गुरुजी लिफ्टनं खाली फाटकापर्यंत आले. धम्मानंद ऑटोत बसले तरी त्यांनी ऑटोचा दांडा धरून ठेवला. चांगुणाचे गुडघे कसे आहेत, चौकातला व्यंकटी अजून भजी तळतो का, बँकेचा मॅनेजर बदलला का, असं विचारत राहिले. शेवटी ऑटोवाल्यानंच हॉर्न दिला.

सुनावणी पुढच्या महिन्यात लागली. महानगरपालिकेच्या सभागृहात एका बाजूला अर्जदार बसले होते, त्यांच्यासोबत एक वकील. हरकतदारांच्या बाजूला पाच खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या एकीवर धम्मानंद बसले, बाकीच्या रिकाम्या. अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी फाईल उघडली, तेवढ्यात दार ढकलून गुरुजी आत आले. हातात पिशवी, धोतराला प्रवासाची धूळ. अर्जदारांतले दोघंतिघं सरकून त्यांना जागा करू लागले. गुरुजी सरळ इकडं आले आणि धम्मानंदांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

“आपण?” बाईंनी विचारलं.

गुरुजींनी नाव सांगितलं. बाईंनी यादी पाहिली. “तुम्ही तर अर्जदार आहात ना? सही आहे तुमची.”

“हाव, माझीच हाय.”

“मग सही मागे घ्यायची आहे का?”

“न्हाई.”

“मग या बाजूला का बसलात?”

“हे एकटेच हायेत म्हणून,” गुरुजी म्हणाले.

सभागृहात हसू फुटलं. बाईही थोडं हसल्या, पण त्यांना उठा म्हणाल्या नाहीत.

धम्मानंदांनी चार पानं लिहून आणली होती. रस्त्याची रुंदी, गटाराची क्षमता, गाड्या लावायला जागा, आग लागली तर बंब आत कसा येणार. दोन पानं त्यांनी नीट वाचली. तिसऱ्या पानाशी ते थांबले. कागद त्यांनी टेबलावर ठेवून दिले.

“मॅडम, बाकीचं लिहिलेलं तुम्ही वाचालच. मला एवढंच सांगायचंय. ह्या गल्लीत मला प्लॉट द्यावा का न्हाई, ह्याच्यासाठी सभा भरली हुती. अन् दोन वर्षांनी त्याच गल्लीत आम्ही सगळे एका ताडपत्रीवर झोपलो. हे घडायला येळ लागतो. आता तसं परत घडावं एवढं आयुष्य माझ्यापाशी न्हाई.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “काका, वाणिज्य विभाग झाला तरी राहायला बंदी नसते. तुम्हाला तिथून कुणी उठवणार नाही.”

“मला कुणी उठवणार न्हाई, खरं हाय. पण माझ्यापाशी कुणी बसणार बी न्हाई.”

त्यांचं म्हणणं नोंदवून घेण्यात आलं. दोघं मित्र बाहेर पडले. गुरुजींनी पिशवीतून सुकन्यानं दिलेल्या दशम्या काढल्या. महानगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसून दोघांनी त्या खाल्ल्या. खाता खाता गटाराच्या क्षमतेवरून त्यांचं भांडण झालं. गुरुजींचं म्हणणं, आकडा चुकीचा होता.

पाच महिन्यांनी फेरबदल मंजूर झाला. गुरुजींचा व्यवहार झाला, आणि पावसाळा सरल्यावर पंधरा नंबरला जेसीबी लागला. चांगुणाबाईंनी ड्रायव्हरला हात जोडून थांबवलं आणि तुळजाबाईंचा कढीपत्ता मुळासकट खणून आपल्या अंगणात आणला. तो काही जगला नाही. दोन दिवसांत घर गेलं. भिंतीतलं दार विटांनी बुजलं, बोअर बुजली, आणि चौदा नंबरला आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाच्या पाण्याचा हिशेब नव्यानं लावावा लागला.

धम्मानंदांकडंही माणसं येऊन गेली. पुण्याहून मुलगी म्हणाली, बाबा, विचार करा. त्यांनी केला. चांगुणाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला हितून हलायचं न्हाई. का ते इचारू नका.” त्यांनी विचारलं नाही.

वर्षभरानं, तुळजाबाईंच्या श्राद्धाला चाकूरकडं आपल्या गावी जाऊन आल्यावर, गुरुजी लातूरला उतरले. दोन दिवस चौदा नंबरलाच राहिले. पहिला दिवस त्यांनी शेजारच्या बाजूला मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर म्हणाले, “चल.”

पंधरा नंबरवर चार मजल्यांचा क्लास उभा होता. खालचा मजला सगळा गाड्यांना. वॉचमननं विचारलं, “ॲडमिशन का? ऑफिस वर आहे.”

“न्हाई बाबा. हितं राहत हुतो,” गुरुजी म्हणाले. वॉचमनला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं आत जाऊ दिलं.

आत खांब, गाड्या आणि ऑइलचा वास. गुरुजी चारी बाजूंना बघू लागले. “काहीच कळंना, धम्मानंद. कुठं काय हुतं?”

धम्मानंद आपल्या भिंतीपाशी गेले. तिला पाठ लावून उभे राहिले आणि मोजून पावलं टाकत निघाले. “साडेतीन फूट तुमचा बोळ. हितून तुमची खोली, दहा फूट. ही मधली भित.” दोन मोटारसायकलींच्या मधून अंग चोरून ते मागच्या बाजूला वळले, एका खांबाला वळसा घातला, पुन्हा चार पावलं टाकली आणि थांबले. “हे सैपाकघर. हितं ओटा. खिडकी अशी, माझ्याकडं तोंड करून.”

गुरुजी हळूहळू तिथवर आले. तिथं एक निळी स्कूटी उभी होती. तिच्या सीटवर हात टेकून ते उभे राहिले. वर कुठंतरी माइकवरून सर शिकवत होते, त्याचा घुमा आवाज खाली येत होता.

“बरोबर,” ते म्हणाले. “हितंच.”

पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी आली. “आजोबा, जरा गाडी काढायची होती.”

दोघं बाजूला झाले. मुलीनं गाडी काढली, चालू केली आणि गेली. मोकळ्या झालेल्या तेवढ्या जागेत गुरुजी परत जाऊन उभे राहिले. धम्मानंदही त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. दुसरी गाडी येऊन वॉचमननं शिटी वाजवेपर्यंत ते दोघं तिथंच होते.