आत्याचे चौऱ्याऐंशी किलो

केनियातल्या आमच्या इटेनमध्ये सकाळी सहाला जो माणूस पळत नसतो, तो एकतर आजारी असतो किंवा हरवलेली गाय शोधत असतो. सलीना आत्या यांपैकी काहीच करत नव्हती, तरी वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत ती कधी पळाली नव्हती. ती घरी यंत्रावर शाळेचे स्वेटर विणायची. खिडकीतून पळणारी पोरं दिसली की म्हणायची, "यांना घरी कामं नाहीत का?"

मग माझ्या बाबांच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांना एल्डोरेटच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायला जावं लागायचं. माझा रक्तगट जुळला नाही. दोन्ही काका तयार होते, पण दोघांनाही मधुमेह निघाला. बाबांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आत्याचं, सगळं जुळलं. डॉक्टरीणबाईंनी तिची उंची मोजली, वजन केलं, आणि कागदावर भागाकार केला.

"तुमची किडनी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण ती काढायची तर तुमचं वजन शहात्तर किलो आठशे ग्रॅमच्या खाली हवं."

त्या दिवशी काटा एक्क्याण्णव किलो दोनशे दाखवत होता.

"म्हणजे किडनी चांगली, पण तिच्याभोवतीची बाई जास्त झाली," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "बरोबर," म्हणाल्या.

मी आदल्याच वर्षी जीवरसायनशास्त्रात पदवी घेतली होती आणि मला नोकरी नव्हती. त्यामुळे आत्याचं वजन हे माझं पहिलं काम ठरलं. मी एक वही केली. डावीकडे खाणं, उजवीकडे व्यायाम, खाली वजन. घरच्या काट्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून दर शनिवारी आम्ही बाजारातल्या मका-व्यापाऱ्याकडे जायचो. त्याचा काटा पोत्यांचा असला तरी शंभर ग्रॅमपर्यंत बरोबर होता. आत्या दोन पोत्यांच्या मधल्या जागेत उभी राहायची आणि व्यापारी सवयीने आकडा मोठ्याने ओरडायचा. दुपारपर्यंत तो गावभर झालेला असायचा.

आत्या रोज सकाळी सहा किलोमीटर पळू लागली. पळू लागली हा तिचा शब्द. माझ्या घड्याळाप्रमाणे ते चालण्यापेक्षा किंचित जलद होतं. त्या वेळात तिला सुमारे दोनशे माणसं मागे टाकून जायची, त्यांतली निदान चार परदेशात शर्यती जिंकलेली. ती पोरं जाता जाता ओरडायची, "सलीनाकाकू, हात खाली! खांदे सैल!" आत्या ओरडायची, "तुझ्या आईचा स्वेटर अजून न्यायचाय, तिला सांग!"

जेवणात मक्याच्या पिठाची मुठीएवढी उगाली, पालेभाजी, एक अंडं. मांस रविवारी, तेही तळहाताएवढं. ती प्रत्येक घास प्रामाणिकपणे वहीत लिहायची. एकदा तिने लिहिलं होतं, "शेजाऱ्यांच्या शेतातून जाताना चार मक्याचे दाणे."

चार महिन्यांत सात किलो उतरले. आम्ही सगळे खूश झालो. व्यापारी "चौऱ्याऐंशी दोनशे!" असं ओरडला तेव्हा बाजारातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आठ आठवडे काटा तिथेच राहिला. चौऱ्याऐंशी दोनशे, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी तीनशे, पुन्हा चौऱ्याऐंशी. मी आलेख काढला. ती रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ आडवी होती.

"तुझा काटा बिघडलाय," आत्या व्यापाऱ्याला म्हणाली.

त्याने नव्वद किलोचं पोतं ठेवलं. काट्याने नव्वद दाखवलं.

"मग पोतं बिघडलंय," आत्या म्हणाली आणि घरी गेली.

मी उगाली आणखी कमी केली. आत्याने पळायचं अंतर आठ किलोमीटर केलं. तिचे गुडघे सुजले. बाबांचं वजनही त्याच सुमारास कमी होत होतं, पण ते कुणी न सांगता आणि नको त्या दिशेने. ते चोपन्न किलोवर आले होते. एका संध्याकाळी आत्या यंत्रापाशी बसली होती, विणत नव्हती. मला म्हणाली, "जेरोप, खरं सांग. मी चोरून खातेय असं वाटतं का तुला?"

"नाही," मी म्हणाले.

"मला वाटायला लागलंय. रात्री झोपेत उठून खात असेन कदाचित. दुसरं काय असणार?"

झोपेत खाण्याची शक्यता मी तपासून पाहिली. भांडी जागच्या जागी होती. मग मी ठरवलं की एक अख्खा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, तिच्यासोबत राहायचं आणि स्वतः नोंद करायची.

तो गुरुवार होता. मी पहाटे साडेपाचला तिच्याकडे गेले. तिच्यासोबत पळाले, तिच्यासोबत मापं घ्यायला तीन घरी गेले, स्वेटर न्यायला आलेल्या बायका मोजल्या, चर्चच्या बायकांच्या बैठकीत बसले. तिच्या तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहिला. संध्याकाळी सातला माझी बेरीज आणि तिची बेरीज यांत फक्त वीस उष्मांकांचा फरक निघाला. मला त्या अचूकतेचा अभिमान वाटला. आत्याने माझ्यापुढे उगालीचं ताट ठेवलं.

"खा. तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस."

ते खरं होतं. लिहिण्याच्या नादात मी दिवसभर अन्नाचा कणही घेतला नव्हता. आणि मला भूक नव्हती.

मी ताटाकडे बघत राहिले. आठ किलोमीटर पळालेली, तेवीस वर्षांची, चौदा तास उपाशी मुलगी. हिला भूक का नाही?

"आत्या," मी म्हणाले, "आज आपण चहा किती प्यायलो?"

"चहा?" तिने असं विचारलं, जणू मी तिला आज किती श्वास घेतले असं विचारलं होतं. "कुणाकडे गेलो तिथे प्यायलो. कुणी आलं तेव्हा प्यायलो. त्याचं काय?"

आम्ही दोघींनी बोटांवर मोजलं. तीन घरी एकेक मग. बैठकीत दोन. घरी आलेल्या बायकांसोबत दोन, कारण पाहुणीला एकटीला प्यायला लावत नाहीत. मोठा मग, निम्मं दूध, तीन चमचे साखर. शिवाय वाटेत गावातल्या तापकिगेन आजीकडे पेलाभर मुर्सिक, भोपळ्यात आंबवलेलं घट्ट दूध. मी आकडेमोड केली. ती खाण्याच्या निम्म्याहून जास्त भरली. वहीत त्यातलं काहीच नव्हतं. आत्याने लपवलं नव्हतं. आमच्याकडे चहा हे अन्न नाही. चहा म्हणजे "ये, बस, कशी आहेस." ते कुणी वहीत लिहीत नाही. दिवसभर शेजारी बसून तोच चहा पिणाऱ्या पदवीधर मुलीनेही लिहिलं नव्हतं.

आणि बाबांच्या आजारापासून माणसं जास्तच येत होती. भावाला किडनी देणाऱ्या बाईला भेटल्याशिवाय कोण राहील? जेवढी तिची ख्याती वाढली, तेवढा चहा वाढला.

"म्हणजे मी आशीर्वादांनी फुगलेय," आत्या म्हणाली.

"बंद करावा लागेल."

"काय बंद करू? लोकांना?"

"चहा घेऊ नकोस."

"जेरोप, तुला माहितीये ना तू काय म्हणतेयस? माणूस दारात येतो, बसतो, आणि मी त्याचा कप परत करते?"

मी मधला मार्ग काढला. बिनदुधाचा, बिनसाखरेचा काळा चहा. त्यात मोजण्यासारखं काही नसतं. आत्याला तो पटला नाही, पण दुसऱ्या दिवशी बाबांचा चेहरा पाहून ती तयार झाली. शनिवारी तापकिगेन आजीकडे गेल्यावर ती म्हणाली, "आजी, मला काळा द्या."

आजी ऐंशीच्या पुढची. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "काळा?"

"काळाच."

"कधीपासून?"

"आजपासून."

आजीने आत्याचा हात हातात घेतला, दोनदा थोपटला आणि काळा चहा दिला. मला वाटलं, जमलं.

रविवारी सकाळी आम्ही पळून परत आलो तर अंगणात नऊ दुधाचे कॅन होते. दहावा घेऊन व्यापाऱ्याची बायको फाटकातून येत होती.

"सलीना, आम्हाला कळवायचं नाही का?" ती म्हणाली. "गाय गेली हे आजीकडून कळावं?"

"कुणाची गाय?"

"लाजू नकोस गं. काळा चहा पितेस म्हणे. दवाखान्यापायी विकलीस की मेली?"

आमच्याकडे दुधाशिवाय चहा पिण्याचं दुसरं कारण कुणाला सुचू शकत नाही, हे मला सुचलं नव्हतं. आत्याची गाय त्या वेळी घरामागे रवंथ करत होती. ती दाखवली तर आजी खोटी पडली असती, म्हणून आत्याने दाखवली नाही. दूध परत करणं म्हणजे तर देणाऱ्याला हाकलणं. दहा कॅन दूध घरात आलं आणि ते आणणाऱ्या दहा बायका बसल्या. त्यांना चहा करावा लागला. त्यांच्यासोबत प्यावाही लागला.

पुढच्या शनिवारी व्यापारी ओरडला, "चौऱ्याऐंशी सहाशे!" या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आत्या काट्यावरून उतरली, बाजूच्या मक्याच्या पोत्यावर बसली आणि रडली. मी तिला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. व्यापाऱ्याने काय करावं ते न सुचून तिला चहा मागवला.

बाबांना मी सगळं सांगितलं. आलेख दाखवला. ते पलंगावर टेकून बसले होते. त्यांच्या हातांवर सुयांच्या जागा काळ्या पडल्या होत्या.

"या हिशेबाने किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"या हिशेबाने कधीच नाही."

"आणि मला किती आहेत?"

याचा आकडा माझ्याकडे नव्हता. मी तसं सांगितलं. त्यांनी आलेख माझ्या हातात परत दिला.

"मी कुणाकडे गेलो की लोक चहा करतात का?" ते म्हणाले.

नव्हते करत. बाबांना दिवसभरात मोजून तीन पेले पाणी पिण्याची परवानगी होती, तीही औषधांसकट. गावात सगळ्यांना ते माहीत होतं. तहानलेल्या माणसासमोर कप उचलायचा नाही, एवढी रीत आमच्याकडे लहान मुलालाही कळते. बाबा घरात शिरले की चूल विझलेली नसली तरी किटली खाली उतरायची. गेलं वर्षभर ते याच कारणाने कुणाकडे जात नव्हते. आपल्यामुळे लोक तोंड कोरडं ठेवून बसतात, हे त्यांना सहन व्हायचं नाही.

"ताईला सांग, सोमवारपासून मी तिच्याबरोबर येतो," ते म्हणाले.

सोमवारी बाबा काठी टेकत आत्यासोबत निघाले. पहिल्या घरी आत्या मापं घेत होती आणि बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. घरमालकिणीने किटलीला हात लावला, बाबांना पाहिलं, हात काढला. सगळे गावाबद्दल, पिकाबद्दल, पाद्रीबाबांच्या नव्या मोटरसायकलबद्दल बोलले. कुणी काही प्यायलं नाही. बाहेर पडल्यावर आत्या म्हणाली, "वीस मिनिटांत काम झालं. एरवी दीड तास लागतो."

"मी पूर्वीपासूनच यायला हवं होतं," बाबा म्हणाले.

"पूर्वी तू आजारी कुठे होतास?"

"आजारी नव्हतो तेव्हा चार कप प्यायचो."

मग ते रोज झालं. आत्याच्या घरी यंत्राशेजारी बाबांची खुर्ची मांडली गेली. स्वेटर न्यायला बाई आली की आधी खुर्चीकडे बघायची आणि मग, "बसत नाही हो, घाईत आहे," म्हणायची. मंगळवारी-शुक्रवारी आत्या बाबांबरोबर एल्डोरेटला जायची, म्हणजे तेही दिवस सुटले. फक्त तापकिगेन आजी ऐकेना. तिने एकदा बाबांच्या अंगावर चादर टाकली आणि म्हणाली, "आता तू दिसत नाहीस," आणि आत्यापुढे मुर्सिकचा पेला धरला. आत्याने ओठ लावून खाली ठेवला. मी वहीत लिहिलं, "एक चमचा."

आठवड्याला साधारण साडेचारशे ग्रॅम. ही काही वेगवान घट नव्हे, पण आलेखाची रेघ उतरत होती. एक्क्याऐंशी. एकोणऐंशी दोनशे. गुडघ्यांमुळे आत्याने पळणं सोडून चालायला सुरुवात केली. बाबा पहिला अर्धा किलोमीटर सोबत यायचे आणि मग पुलाच्या कठड्यावर बसून तिची वाट बघायचे. अठराव्या शनिवारी व्यापाऱ्याने आकडा ओरडायच्या ऐवजी मला खुणेने जवळ बोलावून दाखवला. दृष्ट लागू नये म्हणून, म्हणाला.

दवाखान्याच्या काट्यावर शहात्तर सहाशे भरलं. डॉक्टरीणबाईंनी यादीतल्या एका चौकोनात बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

"झालं?" आत्याने विचारलं.

"वजनाचं झालं. आता हृदयाची तपासणी. शस्त्रक्रिया साधारण तीन आठवड्यांनी."

"बाई, यासाठी मला दहा महिने लागले."

डॉक्टरीणबाईंनी पान परत उलटलं, त्या खुणेवरून पुन्हा एकदा पेन फिरवलं. "ठीक?" त्या म्हणाल्या.

"ठीक," आत्या म्हणाली.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. आत्याने त्यांना आकडा सांगितला. त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मी आता घरी बसू शकतो."

"अजिबात नाही. तीन आठवडे आहेत आणि त्यात दोन लग्नं आहेत. ऊठ."

बाबा काठीवर भार देऊन उठले. "आणि शस्त्रक्रियेनंतर?"

"नंतर तू प्यायचं," आत्या म्हणाली. "मी समोर बसून बघीन."