झाकणावरचं भंगार

पंजाबरावाने माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर काळ्या मार्करने 'भंगार' लिहिलं, तेव्हा दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. शेजारच्या बीबी गावात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. माणूस मात्र आमच्या सुलतानपूरचाच. आठ वर्षांच्या सप्ताहांतली कीर्तनं मी त्या लॅपटॉपात भरून ठेवली होती. तेवढी तरी काढून द्या, म्हटलं.

"वहिनी, आतलं सारं गेलं. अन् कीर्तनं काय, मोबाइलवर ढीगभर पडेल हायेत," तो म्हणाला. गिऱ्हाइकं हसली.

त्या कीर्तनांत त्याच्या आईची, झुंबरबाईची, गवळणही होती. बाई जाऊन दोन वर्षं झालेली. ते मी त्याला सांगितलं नाही.

खरं सांगते, मला कुणाचं वाईट चिंतता येत नाही. कीर्तनात क्षमेचं निरूपण लागलं की माझे डोळे भरून येतात. पण त्या दिवशी देवापुढे बसले ते सूड मागायला. काल्याच्या दिवशी, साऱ्या गावासमोर, ह्याच्याच हातानं हे यंत्र चालू झालं पाहिजे.

मोबाइलवर वाचत वाचत पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम भरली. त्यावरून लॅपटॉप सुरू केला, तर पहिल्यांदा नुसता काळा पडदा. सुरू होताना एक जास्तीचा शब्द टाइप केला, तेव्हा कुठे चित्र उमटलं. बघते तर एकही कीर्तन गेलेलं नव्हतं! पंजाबरावानं उघडून पाहिलंच नव्हतं. कीर्तनं बाजूला काढून ठेवली आणि लिनक्स कायमचं बसवलं. पण पेन ड्राइव्ह काढला की लॅपटॉप म्हणे, सिस्टीमच नाही. कुठली सिस्टीम सुरू करायची त्या यादीत मी लिनक्सचं नाव घालायची, बंद केलं की तो पुसून टाकायचा. बारा दिवस हेच.

शेवटी कुणीतरी लिहिलेलं सापडलं. ह्या लॅपटॉपच्या बोर्डातल्या प्रोग्रामला खोड आहे. जुन्या सिस्टीमच्या फाइलचं एकच नाव त्याला ओळखू येतं. म्हणजे दारावरचा आडमुठा द्वारपाल! मग लिनक्सच्या फाइलला तेच जुनं नाव दिलं, जुन्याच जागी नेऊन ठेवली. द्वारपालानं मुकाट दार उघडलं.

झाकण मात्र मी पुसलं नाही.

काल्याला कीर्तनकार नारायणराव महाराजांची परवानगी घेऊन लॅपटॉप माइकपाशी टेबलावर उघडून ठेवला, झाकणावरचं अक्षर लोकांकडे. पंजाबराव टाळकऱ्यांत पुढेच उभा होता. मी माइकवरून त्याला बोलावलं, बटण तुम्हीच दाबा म्हटलं. झाकण वाचून लोक हसले. तोही टाळ घेऊनच हसत आला.

त्यानं बटण दाबलं, लॅपटॉप चालू झाला. मी गवळण लावली. भोंग्यातून झुंबरबाई गाऊ लागली. मध्ये थांबून खोकली, म्हणाली, "पंज्या, टाळ नीट वाजव बे." आणि पुन्हा गाऊ लागली.

त्याचे टाळ खाली आले. गवळण संपेस्तोवर तो हलला नाही. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "वहिनी, मले हे द्या. मायचा आवाज माह्यापाशी कुठंच नाही."

"देईन. पयले हे पुसा."

त्यानं खांद्यावरचं उपरणं घेतलं नि घासू लागला. मार्कर त्याच्याच दुकानातला, पक्क्या शाईचा. दहीहंडी टांगलेली, सारं गाव खोळंबलेलं. तो घासत राहिला, अक्षर निघेना.

क्षमेचे अभंग मला पाठ आहेत. मी त्याला थांबा म्हटलं नाही.